नारळ आधी, जमीन नंतर : मोठी कामं का रखडतात

धुळ्याला सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा : "काका, धरण घ्या, हायवे घ्या, रेल्वे घ्या, ठरल्या वेळेत आणि ठरल्या पैशात झालेलं मोठं काम मी आजवर पाहिलेलं नाही. घरी सगळे म्हणतात, ठेकेदार आणि पुढारी मिळून खातात, दुसरं काय! एवढंच कारण असतं का? आणि मनमाड–इंदूर रेल्वे खरंच २०२९ पर्यंत होईल का?"

पैसे खाल्ले जातात. ते नाकारून सुरुवात केली तर पुढचं कुणी वाचणार नाही, आणि वाचूही नये. पण तीसेक वर्षं रस्ते, पूल आणि कालव्यांच्या कामांवर नियोजन आणि कराराची बाजू सांभाळल्यावर (आधी ठेकेदाराकडून, नंतर सल्लागार कंपनीकडून) माझं मत असं झालंय, की खाबूगिरीमुळे काम महाग होतं, बऱ्याचदा कच्चं होतं, पण रखडतं ते मुख्यतः दुसऱ्या कारणांनी. खाणाऱ्याला उशिरात फारसा रस नसतो. काम हललं तर बिल निघतं, बिल निघालं तर टक्का निघतो. बंद साइटवर चहावालासुद्धा टिकत नाही. उलट नेकीचा कार्यकारी अभियंता आणि बऱ्यापैकी सरळ ठेकेदार अशी जोडी जमलेली कामंही चार-चार वर्षं लांबलेली मी पाहिली आहेत. शिवाय हा रोग फक्त आपला नाही. सिडनीचं ऑपेरा हाऊस ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये होणार होतं, झालं १० कोटी २० लाखांत, आणि तेही दहा वर्षं उशिरा. तिथे काय आपले पुढारी नव्हते.

माझं म्हणणं आधी सांगून टाकतो, मग उलगडतो. मोठं काम सुरू होतं त्याच दिवशी ते उशिरा झालेलं असतं. कारण तयारी व्हायच्या आधीच ते सुरू केलेलं असतं, आणि त्याचा पहिला आकडा मंजुरी मिळावी एवढ्याच हिशेबाने काढलेला असतो.

पुरावा आपल्या दारातूनच जातो : जुना सहा नंबरचा, आताचा ५३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर अमरावती ते अकोला दरम्यान ७५ किलोमीटरच्या एका लेनचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. पाच दिवससुद्धा लागले नाहीत. त्याच महामार्गाच्या खान्देशातल्या चौपदरीकरणाचा इतिहास भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे असं रोज ये-जा करणाऱ्यांच्या मणक्यांना पाठ आहे. आधी दिलेले ठेके फिसकटले. मग रस्त्याचे तुकडे पाडून पुन्हा निविदा निघाल्या. चिखली–तरसोद वेगळं, तरसोद–फागणे वेगळं, फागणे–गुजरात हद्द वेगळं, आणि प्रत्येक तुकडा आपापल्या चालीने सरकला. अकोल्याचे पेव्हर (डांबर पसरवणारी यंत्रं) काही निराळे नव्हते आणि तिथलं डांबरही निराळं नव्हतं. डांबर टाकणं हा या धंद्यातला सगळ्यात वेगवान भाग आहे. वेळ जातो तो डांबर टाकता येईल अशी सलग जागा हातात यायला.

जागेचं गणित बाहेरच्याला सहसा ठाऊक नसतं, म्हणून जरा थांबतो. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन १९५६ च्या कायद्याने घेतात. आधी '३ ए'ची अधिसूचना, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा, मग हरकती, मग '३ डी', म्हणजे जमीन घेतल्याची घोषणा. ही '३ डी' वर्षाच्या आत निघाली नाही तर आधीची अधिसूचना बाद, पुन्हा पहिल्यापासून. मग प्रांत साहेबांचा निवाडा, मग पैसे जमा, मग ताबा. ठेकेदाराला काम सुरू करायची अधिकृत तारीख देताना साधारण ऐंशी टक्के जमीन ताब्यात असली की पुरे, असा नियम सर्रास वापरला जातो. कागदावर ऐंशी टक्के म्हणजे उत्तम वाटतं. पण उरलेली वीस टक्के रस्त्याच्या शेवटच्या टोकाला गुपचूप पडलेली नसते. ती मधेमधे पेरलेली असते. इथे एकाच्या भावकीचा वाटणीचा वाद, तिथे कुणाची विहीर मोजणीत सुटलेली, पुढे सातबारा अजून आजोबांच्याच नावावर. त्यामुळे भराव टाकणारी टोळी दीड किलोमीटर करते, थांबते, यंत्रं ट्रेलरवर चढवून चार किलोमीटर पुढे जाते, पुन्हा दीड किलोमीटर. यंत्रं ने-आण करायचा खर्च निविदेच्या दरात धरलेला नसतो. ऐंशी टक्के जमिनीवर मग साठ टक्केच काम होतं, आणि ठेकेदार दुसऱ्या जिल्ह्यातल्या साइटवर पेव्हर हलवतो. एकदा गेलेला पेव्हर परत आणणं म्हणजे सासरी गेलेल्या लेकीला आणण्यापेक्षा अवघड.

१ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा आला. ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. जुन्या दराने केलेली अंदाजपत्रकं त्यामुळे एका झटक्यात कोसळली. साइटवर तेव्हापासून ऐकू येतं, की शेतकरी लोभी झालाय, अडवून बसतो. मला ते पटत नाही. शेजारशेजारच्या दोन गटांत एकाला बिनशेतीचा दर आणि दुसऱ्याला जिरायतीचा मिळाला, तर दुसरा कोर्टात जाणारच. त्यात त्याची चूक काय? चूक आहे ती, हा वाद होणार हे ठाऊक असून वेळापत्रकात त्याला एक रकानाही न ठेवणाऱ्याची.

आता एक बारकी गोष्ट सांगतो, कारण मोठा उशीर अशाच बारक्या गोष्टींनी तयार होतो. शिंदखेडा तालुक्यात एका रस्त्याचं काम होतं. बॉक्स कल्व्हर्टसाठी (रस्त्याखालची चौकोनी मोरी) पोकलेनने खोदाई सुरू केली आणि सव्वा मीटरवर एक पीव्हीसी पाईप लागला. त्याच्या हातभर पुढे दुसरा. मग लोखंडी तिसरा. तापीवरून पाणी उचलून शेतकऱ्यांनी मैलोन्‌मैल नेलेल्या खाजगी पाईपलाईन. आपल्या भागात त्या जमिनीखाली जाळ्यासारख्या पसरल्या आहेत आणि सरकारी नकाशावर त्यांचा मागमूस नाही. ज्याने टाकली त्याने पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणा साहेबाला तोंडी विचारून रात्रीतून रस्ता खोदून टाकली. मालक मोटारसायकलवर धावत आला, खड्ड्याच्या काठावर उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, रस्ता करा, पन मना पाईपले हात नका लावू. आठ दिन पानी नही भेटनं ते केळी गयी."

त्याचं खरं होतं. उपाय सोपा होता : पाईपला बाहेरून मोठ्या पाईपचं वेष्टण घालायचं, कल्व्हर्टची पातळी थोडी बदलायची. साहित्य काही हजारांचं. पण निविदेत ती बाब नव्हती, म्हणजे ती जादा बाब झाली. जादा बाबीला दर लागतो, दराला पृथक्करण (तो दर कसा आला याचा हिशेब) लागतं, पृथक्करण उपअभियंता, कार्यकारी, अधीक्षक असं वर चढतं. शेऱ्यासह खाली येतं, दुरुस्त होऊन पुन्हा चढतं. तेवढे दिवस शटरिंगची टोळी झाडाखाली पत्ते खेळते आणि तिची हजेरी कुणाच्या तरी खिशातून जातेच. उपअभियंत्याने स्वतःच्या जबाबदारीवर "करून टाका, मी बघतो" म्हटलं असतं तर दोन दिवसांत झालं असतं. पण पुढे कधी लेखापरीक्षणात आक्षेप आला, तर त्याच्या पेन्शनवर येतं. उशीर झाला म्हणून कुणाची पेन्शन अडकल्याचं मात्र मी ऐकलेलं नाही. हा हिशेब एकदा डोक्यात बसला, की सरकारी फायलीचा वेग समजतो. त्यात आळस कमी आणि शहाणपण जास्त असतं.

शहरात हेच विजेच्या खांबांचं, पाण्याच्या लाईनचं आणि केबलचं. जळगावच्या शिवाजीनगर पुलाच्या वेळी विजेचे खांब कुणी हलवायचे आणि पैसे कुणी भरायचे, हा विषय शहराने कितीतरी महिने चघळला. रेल्वेच्या हद्दीतला भाग रेल्वे करते, पोहोचरस्ते बांधकाम खातं करतं, खांब महावितरणचे, पाईप महापालिकेचे. प्रत्येक खातं आपापल्या जागी वेळेत असतं आणि पूल मात्र वेळेत नसतो.

मोसमाचा हिशेब हा सगळ्यात कमी समजला जाणारा भाग आहे. नदीनाल्यातल्या पायाच्या कामाला वर्षाचे बारा महिने मिळत नाहीत. पूर ओसरून पाणी उतरलं की दिवाळीनंतर सुरू, आणि मृगाच्या आत पाया जमिनीच्या वर यायलाच हवा. हातात सहा-सात महिने. त्यातही होळीचा आठवडा येतो. सातपुड्यातले पावरा आणि भिल्ल मजूर भोंगऱ्याच्या बाजाराला आणि होळीला गावी जातात, जाणारच. काँक्रीटसाठी उत्तम हवेचे ते दिवस असतात आणि साइट ओस. हैदराबादेत किंवा मुंबईत बसून केलेल्या वेळापत्रकात भोंगऱ्या नसतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दिवसा काँक्रीट ओतता येत नाही. रात्रपाळी, मिक्सरच्या पाण्यात बर्फ, ओली पोती, आणि एवढं करून काम अर्ध्या गतीने.

अशात काम दोन-अडीच महिने अडलं तर काय होतं ते बघ. पांझरेला मिळणाऱ्या एका नाल्यावरचा पूल. चार पाये, त्यातल्या दोनच ठिकाणी आधी जमीन तपासायचे बोअर घेतलेले, कारण अंदाजपत्रकात तेवढ्याचीच तरतूद. चार मीटरवर पक्का मुरूम लागणार असं धरून संकल्पचित्र झालं. डाव्या टोकाला खोदलं तर चार मीटरला काळी माती, पाचला काळी माती, त्याखाली गाळ आणि पाण्याचे झरे. तापीच्या खोऱ्यात हे नवल नाही. काही पट्ट्यांत गाळाचा थर शेकडो फूट खोल आहे, आणि काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, तिच्यावर पाया टेकवता येत नाही. काम थांबलं ते मार्चअखेरीला. संकल्पकार म्हणाले, आधी खात्रीचा बोअर घ्या. बोअरचं यंत्र नाशिकहून आलं. नमुने प्रयोगशाळेत गेले. नवं संकल्पचित्र झालं, ते तपासायला दुसऱ्या संस्थेकडे गेलं. कुठल्याही टेबलावर कुणी फाईल दाबून ठेवली नव्हती. नवं चित्र साइटवर पोहोचलं तेव्हा मृग लागला होता. दुरुस्तीला लागला अडीच महिन्यांचा वेळ, पण काम मागे गेलं दिवाळीपर्यंत. उशिराची बेरीज अशी सरळ होत नाही. मोसम हुकला की आठवड्यांचे महिने होतात. आणि त्या सगळ्या काळात बॅचिंग प्लँटचं भाडं, साइट ऑफिस, बँक गॅरंटीचं कमिशन, कर्जाचं व्याज, सगळ्याचं मीटर चालू. ठेकेदार ते मागतो, खातं नाकारतं, प्रकरण लवादाकडे जातं, आणि बऱ्याच वर्षांनी निकाल लागतो तेव्हा तो आकडाही त्या पुलाच्याच किमतीत मिळवायला हवा. मिळवत कुणी नाही.

दोन बोअरचे पैसे वाचवले आणि सातेक महिने घालवले. काम सुरू करायची घाई म्हणतो ती ही.

आता पैशाकडे येतो. एक साधं गणित कर. समजा एका सिंचन प्रकल्पाचं १००० कोटींचं काम उरलंय. दरवर्षी दर सहा टक्क्यांनी वाढतात, म्हणजे हातही न लावता पुढच्या वर्षी तेच काम १०६० कोटींचं होतं. बजेटमध्ये तरतूद झाली ४० कोटींची. ती सगळी इमानदारीने, एक रुपया न खाता खर्च झाली. उरलं किती? सुमारे १०२०. म्हणजे वर्षभर काम झालं आणि उरलेला खर्च वाढला. असा प्रकल्प कधीच संपत नाही. त्याला भ्रष्टाचाराची गरजच नाही.

अमळनेर तालुक्यात पाडळसे इथला निम्न तापी प्रकल्प आपल्या सगळ्यांना माहीत आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याचा आकडा सुमारे १४२ कोटी होता. २०२३ मध्ये सुधारित मान्यता निघाली ती ४,८९० कोटींची. चौतीस पट. आता महागाई सहा टक्के धरली तर चोवीस वर्षांत किंमत चौपट होते, आठ टक्के धरली तर सहा पटींच्या थोडी वर. म्हणजे १४२ चे फार तर ९०० होतात. बाकीची वाढ महागाईच्या माथी मारता येत नाही. विदर्भात गोसीखुर्दचं हेच : १९८३ चे ३७२ कोटी पुढे १८,४९४ कोटींवर गेले.

ही बाकीची वाढ कुठे असते ते पाहायचं तर सुधारित प्रशासकीय मान्यतेचा प्रस्ताव वाचावा. आमच्या भाषेत 'सुप्रमा'. त्यात वाढीची कारणं ठरलेल्या सदरांत विभागून दाखवावी लागतात : दरसूचीतले (सरकारी दरांच्या यादीतले) बदल, भूसंपादनाच्या दरातली वाढ, संकल्पचित्रातले बदल, व्याप्तीत वाढ, अपुरी तरतूद, इतर. यातलं 'अपुरी तरतूद' हे सदर मी नेहमी आधी उघडतो. पहिल्या अंदाजात जे धरायला हवं होतं आणि धरलं नव्हतं, ते इथे येतं. पुनर्वसनाचे रस्ते, उपसा योजनेची वीजजोडणी, कालव्यावरचे पूल. ज्याने पहिला अंदाज केला त्याला कालव्यावर पूल लागतात हे माहीत नव्हतं, असं कुणी म्हणेल का?

माहीत असतं. पण सिंचन प्रकल्प मंजूर व्हायचा तर लाभ-व्यय गुणोत्तर (रुपयाभर खर्चामागे फायदा किती) साधारण दीडच्या वर दाखवावं लागतं, अवर्षणप्रवण भागात एकच्या वर. खर्च खरा धरला आणि पाणी खरं धरलं, तर गुणोत्तर बसत नाही. मग खर्च थोडा दाबायचा, सिंचनाचं क्षेत्र थोडं ओढायचं. कुणी खोटं लिहित नाही, सगळे जरा उदार होतात. आणि तालुक्याला प्रकल्प हवा असतो, त्यामुळे गावातूनही कुणी आकड्यावर बोट ठेवत नाही. पहिला आकडा कमी असण्यात सगळ्यांचं हित असतं आणि दुसरा आकडा येईपर्यंत सगळ्यांच्या बदल्या झालेल्या असतात. एकदा नदीत काँक्रीट ओतलं, की "आता सोडून कसं देणार?" हा प्रश्न पुढची प्रत्येक सुप्रमा मंजूर करून घेतो. म्हणून भूमिपूजन लवकर हवं असतं. शिवाय दहा तालुक्यांत दहा भूमिपूजनं झाली की तरतूद दहा ठिकाणी वाटली जाते आणि वरचं ४० कोटींचं गणित दहा ठिकाणी सुरू होतं. माझ्या हातात असतं तर तापी खोऱ्यातलं जे काम सगळ्यात जास्त पुढे गेलंय त्याला सगळे पैसे देऊन ते संपवलं असतं आणि बाकीच्यांचे फलक झाकून ठेवले असते. असा अधिकारी अर्थातच एका अधिवेशनापुरताही टिकणार नाही.

निविदेबद्दल थोडक्यात. सगळ्यात कमी दराला काम, हा नियम. मंदीच्या वर्षात लोक वीस-पंचवीस टक्के 'बिलो', म्हणजे अंदाजपत्रकाच्या खाली, दर भरतात. वाळू, सिमेंट, डिझेल कुणाला स्वस्त मिळत नाही, मग तो भरतो कसा? निविदेतली चुकीची परिमाणं त्याने ओळखलेली असतात. जी बाब वाढणार आहे तिथे दर चढा, जी होणारच नाही तिथे दर नाममात्र. परिमाण सव्वापटीच्या वर गेलं की करारातलं ३८ वं कलम, नवा दर, नवी फाईल. कमी दराचं काम शेवटी कमी पैशात होत नाही, भांडणात होतं.

आपल्याकडे अंदाज आतून बाहेर केला जातो. नकाशा घ्यायचा, परिमाणं काढायची, दरसूचीने गुणायचं, वर आकस्मिक म्हणून तीन-चार टक्के. मागची अशीच पाच कामं शेवटी किती वेळात आणि कितीला पडली, हे कुणी काढून बघत नाही. बेंट फ्लिव्हबर्ग या डॅनिश अभ्यासकाने जगभरातल्या सोळा हजारांहून जास्त प्रकल्पांची माहिती जमवली. वेळ आणि खर्च दोन्ही सांभाळलेले निघाले ८.५ टक्के. प्रकारानुसार सरासरी खर्चवाढ बघितली तर मोठी धरणं ७५ टक्के, रेल्वे ३९, रस्ते १६, आणि सौर प्रकल्प अवघा १ टक्का. आपल्याकडे केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय १५० कोटी आणि त्यावरच्या कामांचा आढावा घेतं. डिसेंबर २०२३ चा हिशेब : १,८२० प्रकल्प, त्यातले ८४८ उशिरा, ४३१ चा खर्च वाढलेला, एकूण वाढ ४.८२ लाख कोटी. आणि या वाढीलाही 'मूळ' आकड्याशी ताडलेलं असतं, जो मुळातच दाबलेला.

सौर प्रकल्पाचा एक टक्का का, हे साक्रीकडे गेलास तर डोळ्यांनी दिसेल. तिथल्या शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये वीज द्यायला लागला. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या एकामागून एक उभ्या राहिल्या. एकच नग हजार वेळा बसवायचा. पहिल्या दहात चुकलं तर अकराव्यात सुधारतं, अर्धे बसले तर अर्धी वीज मिळते. त्याच तालुक्यातलं अक्कलपाड्याचं धरण बघ : कालवा नव्वद टक्के झाला तरी शेवटच्या शेताला शून्य टक्के पाणी. धरण एकदाच बांधायचं असतं आणि त्याखालची जमीन जगात दुसरीकडे कुठे नसते.

नंदुरबारचं एक सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. सरदार सरोवराचा पाया १९६१ ला घातला, नर्मदा पाणीवाटपाच्या लवादाचा निवाडा १९७९ ला आला, लोकार्पण २०१७ ला. आमच्या व्यवसायात अनेक जण सहज म्हणून जातात, आंदोलनाने उशीर केला. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली ३३ गावं त्यात बुडिताखाली येणार होती. पाणी चढवण्याआधी पुनर्वसन ही अट खुद्द लवादाच्या निवाड्यातच होती. करारातली अट वेळापत्रकात न धरता काम पुढे रेटलं आणि मग ती अट कुणी मागितली, तर उशीर मागणाऱ्याचा कसा? ठेकेदाराने असं केलं असतं तर आम्हीच त्याला दंड लावला असता.

आता तुझी रेल्वे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड–इंदूर मार्गाला मंजुरी दिली : ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, तीस नवी स्थानकं, मुदत २०२८-२९. यातल्याच धुळे–नरडाणा तुकड्याचं भूमिपूजन १६ फेब्रुवारी २०१९ ला धुळ्यात होऊन गेलं होतं, पूर्ण मार्गाच्या मंजुरीच्या साडेपाच वर्षं आधी. नारळ आधी, हे इथेही आहेच.

तारखेवर विश्वास ठेवू नकोस, कागद बघ. मंजुरीपासून मुदतीपर्यंत साडेचार वर्षं धरली तर या एका मार्गावर दरवर्षी सरासरी चार हजार कोटी खर्च व्हायला हवेत. अर्थसंकल्पानंतर रेल्वेचं पिंक बुक (कामवार तरतुदींचं पुस्तक) येतं, त्यात या मार्गापुढचा आकडा शोध आणि चार हजारांशी ताडून बघ. तो पहिल्या दोन वर्षांत कमी असेल तर पुढच्या वर्षांत तेवढा जास्त लागेल, आणि तेवढा खर्च करायला जमीन हातात लागेल. म्हणून दुसरं, शिरपूर आणि शिंदखेड्याच्या प्रांत कचेरीत भूसंपादन कुठपर्यंत आलंय ते विचार. अधिसूचना निघाली की नाही ते विचारू नकोस, ती निघतेच. सलग किती किलोमीटरचा ताबा मिळाला ते विचार. तिसरं, सातपुड्यातल्या भागाची वनजमिनीची परवानगी. आणि चौथं, घाटातल्या बोगद्यांच्या जागी बोअर किती घेतले. या चारांत बोअरची संख्या कुणी सहज सांगणार नाही, पण कॉलेजच्या लेटरहेडवर प्रकल्पासाठी माहिती मागितलीस तर मिळू शकते.

माझा अंदाज विचारशील तर मनमाडपासून नरडाण्यापर्यंतचा सखल भाग आधी होईल. नरडाणा उधना–जळगाव मार्गावर असल्याने तेवढा तुकडासुद्धा कामाचा आहे, त्यावर गाड्या सुरू करता येतात. शिरपूरच्या पुढे सेंधव्याकडचा घाट शेवटी उरेल, आणि खर्चाचा मोठा भागही तिथेच वाढेल. २०२९ ला धुळ्याहून थेट इंदूरचं तिकीट काढता येईल, यावर मी पैज लावणार नाही. धुळे–नरडाण्याचं निघालं तर मात्र नवल वाटणार नाही.